तुमचे गाईड कोण?

माझ्या सरांनी मला कधीही 'छान' म्हटलं नाही. मंडईत पिढ्यान्‌पिढ्या भाजी विकणाऱ्या बायकांवर मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. प्रत्येक प्रकरण ते वाचून परत द्यायचे आणि समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं असायचं, 'म्हणजे काय?' पानोपानी. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, अभ्यासकांना हे सगळं कळतं."

"त्यांना सगळंच कळतं," सर म्हणाले. "जिच्यावर लिहिलंय, त्या बाईला कळेल का?"

मी घरी येऊन रडले आणि प्रकरण पुन्हा लिहिलं. त्यावर शेरा आला, 'बरं. पुढे.' त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी दाद तीच.

पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागले. माझे स्वतःचे विद्यार्थी झाले, केस पांढरे झाले, तरी काहीही लिहून झालं की पहिलं मनात यायचं, सर काय म्हणतील? वयाला शोभणारी गोष्ट नव्हे, पण खरी आहे.

गेल्या वर्षी आमच्या विद्याशाखेने ज्ञान लोकांपर्यंत न्यायचं ठरवलं. म्हणजे रविवारी सकाळी शनिवार पेठेतल्या एका छोट्या सभागृहात भाषण करायचं आणि त्याचे फोटो अहवालाला जोडायचे. पहिलं भाषण माझ्या गळ्यात पडलं. विषय तोच, मंडईतल्या बायका. मी लगेच सरांच्या घरी फोन केला. फोन त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, घेतला.

"अगं, हल्ली ते माणसं ओळखत नाहीत," त्या म्हणाल्या. "परवा आमच्या लेकीलाच विचारलं, आपण कुणाकडे आलात? पण भाषण आहे म्हटलं की अजून कपडे करून तयार बसतात. आणते मी."

पोटच्या मुलीला विसरले तरी मला ओळखतील, असं वाटण्याइतकी मी वेडी होते.

सर पहिल्या रांगेत बसले होते. मी सबंध वेळ त्यांच्याकडेच बघून बोलले. जड शब्द एकही वापरला नाही. मंडईतल्या दोन गाळेवाल्या आजी मुद्दाम आल्या होत्या, त्यातली एक मधूनच मोठ्याने म्हणायची, "बरोबर हाय, आमच्या सासूचं असंच व्हतं." आणि सर मान डोलावत होते. त्यांना तसं करताना मी पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे एकदोनदा माझं वाक्यच तुटलं.

चहाच्या वेळी काकूंचा हात धरून ते माझ्याजवळ आले.

"मॅडम, छान बोललात. म्हणजे काय, असं एकदाही विचारावंसं वाटलं नाही."

मी 'थँक्यू, सर' म्हणते तोच त्यांनी विचारलं,

"तुमचे गाईड कोण?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी सरांचं नाव सांगितलं, आडनावासकट.

सर थोडा वेळ आठवत राहिले. "ऐकल्यासारखं वाटतंय. फार छळायचे का?"

"फार."

"वाटलंच. त्याशिवाय असं बोलता येत नाही." मग म्हणाले, "अजून भेटतात का?"

"नाही सर. बऱ्याच दिवसांत भेट नाही."

"भेटले तर सांगा त्यांना. म्हणावं, पोरगी तयार झाली तुमची."

"सांगते, सर."

त्यांनी दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला, अनोळखी वक्त्याला करतात तसा. मीही हातातल्या कपासकट केला. काकू त्यांना सांभाळून जिना उतरवत खाली घेऊन गेल्या. मी हातातला चहा तसाच धरून भिंतीकडे तोंड करून रडले. जे ऐकायला इतकी वर्षं झुरले ते आज ऐकलं होतं, आणि ते धावत जाऊन ज्यांना सांगावं असे सरच आता नव्हते.