पिल्लाची आई

पिल्लू रहांगडाले काकूंच्या मांडीवर झोपलं होतं आणि मी त्याच्या आईच्या पोटाखालून हात फिरवत होते. सड कोरडे, आखडलेले. इतक्या लहान पिल्लाच्या आईचे सड दुधाने ओथंबलेले असतात. ही कुत्री त्याची आई नव्हती.

मी गोंदियात प्राण्यांची डॉक्टर आहे. काकू जवळच्या बिरसी गावच्या. काका गेल्यापासून घरात एकट्या, म्हणून त्यांना लॅब्राडॉर पाळायचा होता. मोबाईलवर फोटो बघून घेऊ नका, नीट पैदास करणारा ब्रीडर शोधा आणि आधी पिल्लाची आई बघा, असं मीच सांगितलं होतं. त्या मलाच सोबत घेऊन आमगाव रोडवरच्या या फार्मवर आल्या.

फार्म चकाचक होता. मालक अदबीने बोलत होता, चहा झाला होता. तरी आत आल्यापासून मला काहीतरी खटकत होतं. ते काकूंनी बोलून दाखवलं.

"डॉक्टर, एवढे कुत्रे आहेत म्हणते हा. मंग एकही भुंकून काऊन नाही राहिला?"

खरंच. अनोळखी गाडी आत आली, हॉर्न वाजला, आणि कुठूनही आवाज नाही.

"अपने डॉग ट्रेन्ड हैं, मॅडम," मालक म्हणाला. बाकीचे कुत्रे दाखवा म्हटलं, तर इन्फेक्शनचं कारण सांगितलं. तेवढ्यात त्याला फोन आला. मी उठून घरामागे गेले. पिल्लू घेऊन काकूही माझ्यामागे आल्या.

मागे टिनाचं शेड होतं. आत नखं खरवडल्याचा आवाज येत होता. मी दार ढकललं. पिंजऱ्यांवर पिंजरे रचलेले. उजेड आत पडताच सगळे कुत्रे उभे राहिले आणि आमच्यावर भुंकू लागले. माना ताणलेल्या, छात्या हलताहेत, तोंडं उघडताहेत, मिटताहेत. पण भुंकणं ऐकूच येत नव्हतं. नुसती हवा सुटत होती, फुंकणीतून सुटावी तशी.

याला डीबार्किंग म्हणतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून घशातले स्वरतंतू कापून टाकायचे. कायद्याने बंदी आहे. मी ते वाचलं होतं. डोळ्यांनी मात्र पहिल्यांदाच बघत होते.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक लॅब्राडॉर होती. बरगड्या निघालेल्या, सड लोंबणारे. ती भुंकत नव्हती. जाळीला नाक लावून काकूंच्या हातातल्या पिल्लाकडे बघत होती. पिल्लू जागं झालं आणि रडू लागलं. त्या शेडमध्ये तेवढाच एक आवाज होता.

मालक दारात येऊन उभा राहिला. पिल्लू घेणार की नाही, एवढंच त्याने विचारलं. काकूंनी एकदा कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी पिल्लू त्याच्या हातात दिलं.

"हे नेलं त तू हिले अजून व्यायले लावशीन," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी मी पशुसंवर्धन खात्यात आणि पोलिसांत तक्रार दिली. तपासणीला लोक गेले तेव्हा शेड रिकामं होतं. फिनाईलचा वास होता. इथे कोंबड्या पाळायचो, असं मालकाने सांगितलं. त्या दिवशी फोटो काढायचं आम्हाला सुचलं नव्हतं. पुरावा नाही म्हणून प्रकरण तिथेच थांबलं.

त्यानंतर रेल्वेलाईनजवळच्या गावांतून मला फोन येऊ लागले. धानाच्या बांधीवर कुत्रं येते, तोंड उघडते, पण आवाजच नाही. शेडमधले कुत्रे मालकाने तिकडे नेऊन सोडले असणार. बाया वावरात जायला भीत होत्या. काही जण त्याला भूतच म्हणत होते. भूत नव्हे, पेशंट आहेत, असं समजावत काकू आणि मी ते कुत्रे पकडत फिरलो. सापडले तेवढ्यांना घरं मिळाली. कोपऱ्यातली ती लॅब्राडॉर आता काकूंकडे असते. अंगणात कोणी आलं की ती उठून तोंड उघडते. नवा माणूस दचकतो, काकू नाही.

आता कोणी ब्रीडरकडे निघालं, तर मी सांगते, आईला नीट बघितल्याशिवाय पिल्लू मांडीवर घेऊ नका. एकदा घेतलं की ते परत देणं फार कठीण जातं. काकूंनी दिलं. त्या पिल्लाचं पुढे काय झालं, ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.