कार्मेनचा पांढरा

मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाइनमधल्या एका छोट्या कंपनीत कार्मेन बुतिजिज एकवीस वर्षं प्रूफं काढत होती. पिशव्या कारखान्यात लाखांनी छापण्याआधी गिऱ्हाईक ज्या एका नमुन्यावर सही करतं, तो नमुना काढणं हे तिचं काम. पारदर्शक प्लास्टिक असलं की रंगांच्या पाठीमागे पांढरी शाई घालावी लागते, नाहीतर लाल रंग सरबतासारखा आरपार दिसतो. पांढरा किती टक्के, किती थर, मध्ये किती वाळू द्यायचा, याच्या रेसिप्या तिने स्वतः बसवल्या होत्या. कॉम्प्युटरमध्ये त्या तिच्याच नावाने होत्या.

मार्चमध्ये मालक गॅव्हिनने सेफो नावाचा एक सामोअन माणूस तिच्या हाताखाली दिला. पस्तिशीचा, अंगाने थोराड, बोलायला अगदी मऊ. गॅव्हिन येता-जाता म्हणायचा, त्याला सगळं शिकव. सगळं कशाला, हे तिला लगेच कळलं. तिला एकसष्टावं लागलं होतं. तिने निम्मंच शिकवलं.

जूनमध्ये गोठवलेल्या कोळंबीच्या पिशवीचं प्रूफ निघालं. पांढरा मळकट होता. शाई खाली बसली असेल म्हणून तिने बाटली पाच मिनिटं हलवली. फरक नाही. मागे काळा कागद धरून, पांढरा किती झाकतो ते मोजणारं मीटर लावलं, तर आकडा बराच खाली. मग तिने रेसिपी उघडली. दोन थरांचा एक थर झाला होता. बदल केल्याची वेळ मंगळवारी दुपारी दीडची, म्हणजे ती दाताच्या डॉक्टरकडे होती तेव्हाची.

तिने गुपचूप रेसिपी पूर्ववत केली आणि आठवडाभर सेफोवर नजर ठेवली. तो फोनवर बोलायला बाहेर गेला की ती खिडकीशी जायची. त्याने आपल्या डब्यातला उकडलेला तारोचा कंद पुढे केला, तर तिने पोट भरल्याचं सांगितलं. गॅव्हिनने दोनदा सेफोच्या पाठीवर थाप मारली, तेही तिने मनात टिपून ठेवलं. सोमवारी तो एक थर पुन्हा तिथं हजर. आता तिने मशीन बंद केलं.

"माझ्या रेसिपीला हात कुणी लावला?"

"मी लावला," सेफो म्हणाला.

त्याने इतकं सरळ कबूल करावं, याची तिला अपेक्षा नव्हती. "मला घालवायचा बेत आहे का तुमचा? तुझा आणि गॅव्हिनचा?"

"नाही हो. तुम्ही नव्हतात तेव्हा कारखान्यातून फोन आला होता. त्यांनी पांढरी शाई लावणारा रूळ बदललाय. आता त्यांचा पांढरा पातळच पडतो."

तिचा विश्वास बसला नाही. त्याच्यासमोरच तिने कारखान्यात नोलीनला फोन लावला. ती तिच्या जुन्या ओळखीची. नोलीनने सांगितलं, रूळ मे महिन्यातच बदलला. वर दुसऱ्या दिवशी तिने नव्या रुळाने छापलेल्या प्लास्टिकचा तुकडाही पाठवून दिला. कार्मेनने तो आधी आपल्या प्रूफशेजारी ठेवला, मग सेफोच्या. मीटर तीनदा लावलं. सेफोचं प्रूफ जुळत होतं. तिचं जास्त देखणं होतं, आणि म्हणूनच खोटं. गिऱ्हाईकाने त्यावर सही केली असती, तर छापलेला सगळा माल परत आला असता.

तिने मीटर बाजूला ठेवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"आमच्यात थोरांची चूक तोंडावर काढत नाहीत," सेफो म्हणाला. "आणि सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. हे तिला ठाऊक होतं. "माझ्या नावाखाली माझं नसलेलं काही ठेवायचं नाही," ती म्हणाली. नवी रेसिपी तिने स्वतःच्या हाताने सेफोच्या नावाने बसवली. दोन थर हवे असतील तेव्हा मध्ये किती सेकंद थांबायचं, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तेही त्याला सांगितलं.

गॅव्हिनला मात्र तिने त्याच दुपारी गाठून विचारलं, मला काढायचं मनात आहे का. तो म्हणाला, छे, काहीतरीच. पण हे बोलताना तो हातातल्या किल्ल्यांकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

ती परत आली, तेव्हा सेफो बाटली हलवत होता. तिने खुर्ची ओढली आणि त्याला उरलेलं निम्मं शिकवायला बसली.