आईच्या शेजारी बसून बघण्यासारखा

आमच्या सोसायटीत श्रीपतभाऊंना सगळे गमतीनं ‘सेन्सॉर’ म्हणतात. शाळांना सुट्टी लागली की बोळिंजच्या आमच्या क्लब हाऊसच्या भिंतीवर पांढरी चादर चढते, प्रोजेक्टर येतो आणि संध्याकाळी घरंच्या घरं सिनेमा बघायला खाली उतरतात. कोणता सिनेमा लावायचा हे भाऊ ठरवतात. मी, सरोजिनी, कमिटीची सेक्रेटरी. निवड त्यांची आणि बोलणी खायला मी, अशी आमची वाटणी.

हे काम त्यांच्याकडे आलं त्याला कारण घडलं होतं. एका दिवाळीत तरुण मंडळींनी आपल्या पसंतीचा सिनेमा लावला आणि अर्ध्या तासात पडद्यावर असं काही सुरू झालं, की सगळे आजोबा एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी मला तोंड दाखवायची सोय उरली नाही. तेव्हा भाऊ विम्याच्या ऑफिसातून नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणाले, ‘ताई, माझ्यावर सोपवा.’

सोपवलं. भाऊ घरी दार लावून आधी अख्खा सिनेमा बघायचे, तोही दोनदा. दारू नको, शिवी नको, मारझोड नको. नवराबायको एका पांघरुणात बसून किराणा सामानाबद्दल बोलत असली तरी त्यांना चालायचं नाही. मी चिडवायचे, ‘भाऊ, मग त्यांना मुलं काय कुरिअरनं येतात?’ ते कानापर्यंत लाल व्हायचे. पण मागे हटायचे नाहीत. ‘आईच्या शेजारी बसून बघता आला पाहिजे,’ एवढंच म्हणायचे. ही त्यांची एकुलती एक कसोटी.

त्यांची आई मात्र आम्ही कधी पाहिली नव्हती. पुतळाबाई खाडीकाठच्या गावात धाकट्या मुलाकडे राहायच्या. भातशेतीतलं घर. भाऊंकडे बघून ते कुणाला पटलं नसतं. त्यांचं मराठी इतकं नितळ, की मूळची साताऱ्याची मी त्यांना कितीतरी वर्षं पुण्याचे समजत होते. मी लिहिलेल्या नोटिशीतल्या वेलांट्यासुद्धा ते पेन काढून दुरुस्त करायचे. मला राग यायचा, पण चूक माझीच असायची.

गेल्या नाताळात धाकट्यानं घर पाडून नवं बांधायला काढलं आणि पुतळाबाई भाऊंच्या फ्लॅटवर आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, आणि बोलायला कुणीही चालेल अशा. पहिल्याच दिवशी बिल्डिंगखालच्या बाकावर जाऊन बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायला लागल्या. ‘कोनाची गो तू? जेवलीस का?’ तळमजल्यावरच्या स्टीवनच्या घरची मंडळी मुलांना घेऊन अंगणात नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडत होती. पुतळाबाई उठून त्यांच्यात गेल्या. ‘पेंडा असा नाय टाकायचा, सुटा कर, जनावर बसनार हाय ना त्यावर!’ असं म्हणत त्यांनी स्वतःच पेंढा पसरला. माझ्याशी तर त्यांची अशी गट्टी जमली, की दुपारचा चहा त्या माझ्याकडेच घ्यायला लागल्या. न विचारता कपाट उघडून माझी भांडी नीट लावून द्यायच्या.

भाऊ खूश होते. ‘ताई, ती आता इथंच राहावी असं मला वाटतंय. भावाचं घर झालं तरी पाठवायची नाही. इतकी वर्षं तिकडे ठेवली, ते चुकलंच माझं. रुळतेय ना?’ त्यांनी मला दोनतीनदा विचारलं. मी म्हटलं, ‘रुळतेय काय, सोसायटी ताब्यात घेतलीय.’ एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. बाकावर आई मोठ्यानं बोलायला लागली की भाऊ जरा बाजूला सरकायचे आणि म्हणायचे, ‘आई, हळू.’ मला वाटायचं, आवाजाचं म्हणत असतील.

नाताळच्या सुट्टीतला पहिला सिनेमा भाऊंनी निवडला तो मराठी, विनोदी. एकत्र कुटुंब, घरातलं हरवलेलं कुत्रं, ते शोधताना भांडणारे आणि शेवटी एका पंगतीत जेवणारे सख्खे भाऊ. आक्षेप घ्यायला तसूभरही जागा नव्हती. आणि या वेळी खरोखरच आई शेजारी होती. भाऊंनी पहिल्या रांगेत खुर्ची मांडून पुतळाबाईंना बसवलं, आपल्या नातीला, खुशीला, त्यांच्या पायाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. इतके टवटवीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

सिनेमात त्या घरी एक गडी होता, किनारपट्टीवरच्या कुठल्याशा गावातून आलेला. तो आला की म्हणायचा, ‘बाईसायब, पानी आनू का?’ बाईसाहेब कपाळावर हात मारून म्हणायच्या, ‘पाणी म्हण रे, पाणी!’ तो तोंड वाकडं करून, डोळे फिरवून जोर लावायचा आणि पुन्हा ‘पाऽनी’च म्हणायचा. पहिल्या वेळेला सगळे हसले. दुसऱ्या वेळेला आधीच हसू फुटायला लागलं. तिसऱ्या वेळेला मुलं पडद्याबरोबर ओरडली, ‘पाऽनी!’ आणि त्या गोंधळात खुशी मागे वळून आनंदानं म्हणाली, ‘अय्या, हा मोठ्या आजीसारखा बोलतो!’

त्यावर जो हशा उसळला, तेवढा सिनेमातल्या कुठल्याच विनोदाला मिळाला नव्हता. त्यात मी होते. हसू आलं आणि हसले, विचारबिचार काही केला नाही.

पुतळाबाईंनी मान वळवून मागच्या रांगांकडे बघितलं. एकेक चेहरा त्या बघत होत्या. स्टीवन, वरच्या मजल्यावरची ऋतिका, आमचे हे, मग मी. सगळे रोजचे, जेवलास का म्हणून त्या विचारायच्या ते. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्याही हसल्या. चारचौघांत आपण एकटेच मागे राहू नये म्हणून माणूस हसतो ना, तसं. माझं हसणं तिथंच थांबलं. भाऊ पडद्याकडे बघत बसले होते. उठून प्रोजेक्टर बंद करावा असं मला वाटलं. पण सगळ्यांचा रसभंग होईल, बोलणी बसतील, असं म्हणत मीही बसूनच राहिले. कुत्रं सापडलं, पंगत बसली, टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई बाकावर आल्या, पण हाक नाही. कुणी बोललं तर मान हलवायच्या. मुलं पळत आली, ‘आजी, पानी म्हण ना!’ त्यांना मी झापलं. पण झापून काय उपयोग, त्यांना काल आम्हीच शिकवलं होतं.

चहालाही त्या आल्या नाहीत. मग मीच बोलवायला गेले. आल्या. कप हातात घेऊन, एकेक शब्द पायरी उतरल्यासारखा जपून टाकत म्हणाल्या, ‘सरोजिणी, चहा छाण आहे.’

मला वाटलं, जीभ जड झाली की काय. त्यांचं वय बघता भलतंसलतं डोक्यात येतं. त्या पुढे म्हणाल्या, ‘खुशी दुकाणात गेली. मला मणात भीती वाटते, रस्ता मोठा.’ तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. कुठला न आणि कुठला ण हे माहीत नाही, म्हणून त्यांनी सगळेच ण करून टाकले होते. ऐंशी वर्षांच्या बाईनं माझ्या घरी चहा प्यायला यायचं म्हणून तयारी केली होती. मला वर बघवेना. ‘आजी, तुम्ही आपलं नेहमीसारखं बोला,’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी बिस्किटाचा डबा पुढे सरकवला.

त्याच आठवड्यात भाऊ माझ्याकडे आले. पुढच्या सिनेमाचं विचारायला आले असतील म्हणून मी खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले. ‘ताई, हे काम दुसऱ्या कुणाला द्या.’

‘अहो, तुमची काय चूक? सिनेमात वाईट काही नव्हतंच,’ मी म्हटलं. मलाच ते ऐकवलं नाही.

‘मी दोनदा बघितला,’ ते म्हणाले. ‘दोन्ही वेळा तिथे हसलो. घरात एकटा बसून. आई आतल्या खोलीत होती, तरी मला काही खटकलं नाही.’

मग ते खाली बसले आणि आपणहून सांगायला लागले. गावातून वसईच्या हायस्कुलात आले तेव्हा त्यांच्या ‘पानी’वर वर्ग हसायचा. त्यांनीही असेच सगळीकडे ण लावून बघितले, दुकाण म्हणाले, मण म्हणाले, आणखी हसं झालं. वर्षभरात जीभ वळली. त्यानंतर घरीसुद्धा ते तसं कधी बोलले नाहीत. आई कौतुकानं शेजारणींना सांगायची, आमचा श्रीपत सायबासारखा बोलतो. ‘आणि काल ती खुशीला दुकाण म्हणाली,’ भाऊ म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.

‘भाऊ, मग तुम्हीच बोला ना त्यांच्याशी त्यांच्यासारखं,’ मी म्हटलं. ‘तुमची घरचीच तर भाषा. एकदा तुमच्या तोंडून ऐकली की त्यांचा संकोच जाईल.’ मला वाटलं, अखेर एक तरी शहाणपणाची गोष्ट बोलले.

‘सकाळी तेच केलं,’ ते म्हणाले. ‘ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. मी तांब्या उचलला आणि म्हटलं, आये, तुना पानी देऊ का?’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पन्नास वर्षांनी बोलत होतो, ताई. माझ्या तोंडून ते तिच्यासारखं आलंच नाही. त्या सिनेमातल्या गड्यासारखं आलं. तसंच, ओढून. बाहेरच्या खोलीत खुशी खिदळली.’

‘मग? त्या काय म्हणाल्या?’

‘माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, तू पण?’

भाऊ चष्म्याची काडी उघडत मिटत होते.

‘ण अगदी स्वच्छ होता, ताई,’ ते म्हणाले.