काळ्या झेरॉक्सचे तुकडे

सीबीएस बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक सफारी सूटातले गृहस्थ मला एकदाच भेटले. त्यांच्या पॅनकार्डाची एक झेरॉक्स काळी आली. दुकानदार ती कचऱ्यात टाकणार, तोच त्यांनी हिसकावली, तिचे बारीक तुकडे केले आणि अंगारा ठेवावा तसे खिशात जपून ठेवले.

"यावर कोणी सिमकार्ड घेतलं, तर पोलीस माझ्या दारात येतील," त्यांनी रांगेतल्या आम्हा सगळ्यांना सुनावलं. "तुम्ही लोक फार बेफिकीर."

आम्ही खजील झालो. ते रुबाबात निघून गेले.

माझा कागद ठेवायला दुकानदाराने मशीनचं झाकण उचललं. काचेवर त्यांचं मूळ पॅनकार्ड तसंच पडलं होतं.

"लय हुशार माणूस," ते ड्रॉवरमध्ये टाकत दुकानदार म्हणाला. "दुसऱ्यांदा विसरले. तुकडे तेवढे आठवणीनं नेतात."