मननाची चिठ्ठी

पाळकीणबाईंनी माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. मागितली नाही. माझी बोटं उघडली आणि घेतली. तिथं दुसरी चिठ्ठी ठेवून म्हणाल्या, "तुला बसून जमायचं नाही गं. तुझा हात कामाला बसलेला. ही घे."

माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, मनन. ह्या चिठ्ठीवर, सेवा.

गुड फ्रायडेच्या आधी आमच्या चर्चच्या मंडळीचं तीन दिवसांचं शिबिर असतं, आत्मिक वाढीसाठी. त्या वर्षी ते चारठाण्याच्या अलीकडे एका मळ्यात होतं. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. उपवास, मौन, मनन, सेवा. जी निघेल ती साधना तीन दिवस करायची. निवडायचं नाही, देव देईल ते घ्यायचं. चर्चच्या पाळकांच्या ह्या बायकोनंच आम्हाला ते अर्धा तास समजावून सांगितलं होतं.

मननवाल्यांना सकाळचा एक तास लिंबाखाली खुर्ची. कुणी हाक मारायची नाही. मी पालमच्या एका शाळेत खिचडी शिजवते. घरात सहा माणसं. मला आयुष्यात एक सबंध तास कुणी बसू दिलेलं नाही. तो तास निघेल ह्या आशेवर मी शाळेच्या शेगडीपुढं जावेला उभं केलं आणि एसट्या बदलत आले. चिठ्ठी उघडली तेव्हा देवाचे आभार मानले, अगदी मनापासून. देवाचं देणं पाच मिनिटं टिकलं.

माझी चिठ्ठी गेली कॉलेजातल्या मॅडमकडे. त्यांना सेवा निघाली होती, आणि त्यांची कंबर दुखते म्हणे. मंडळीत त्यांच्या घराण्याचा मान मोठा. आजोबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर. माझी आजी त्याच शाळेचे संडास साफ करायची. दोघांचा बाप्तिस्मा एकाच पाण्यात झाला, हे मात्र चर्चच्या दर वाढदिवसाला मोठ्या कौतुकानं सांगतात.

मी भांडी घासली. ताटं, पातेली, चहाचे गंज. मनाला समजावत होते की येशूनंही शिष्यांचे पाय धुतले. खोटं समजावत होते. तो आपणहून उठला होता. त्याची बोटं कुणी उघडली नव्हती.

संध्याकाळी साक्ष द्यायची असते, दिवसभरात काय मिळालं त्याची. मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मन लागत होतं, पण मागून भांड्यांचा फार आवाज येत होता. उद्या जरा हळू घासायला सांगा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली. हो, मीच. सवयीनं हलली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

आई आठवली. आई ह्या मंडळीत रमली ती एका गोष्टीवर भाळून. "इथं समदे एका सतरंजीवर बसतेत," म्हणायची. बसतात की. उठल्यावर सतरंजी कोण झटकतं, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मरेपर्यंत तीच झटकत होती. मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी नाष्ट्याची ताटं तशीच सोडली. बायबल घेतलं आणि लिंबाखालच्या खुर्चीत जाऊन बसले. मॅडम आल्या आणि उभ्याच राहिल्या. मागोमाग पाळकीणबाई.

"इथं काय करतेस? भांडी कोण घासणार?"

"माझी चिठ्ठी मननाची हाय, बाई. देवानं दिली, तुमी काढून घेतली."

"हा अहंकार आहे. ह्यावर प्रार्थना कर."

"तीच करायले. बसून करायले."

बायबल मांडीवर उघडलं. उठले नाही.

त्या तासात मला शांती मिळाली, असं म्हटलं तर ती खोटी साक्ष होईल. एक ओळ धड वाचता आली नाही. नुसता राग. तो सगळा देवापुढं ओतला. आजीचा, आईचा, माझा. देव मला गप्प बस म्हणाला नाही. तोवर मला गप्प बस न म्हणणारं कुणी भेटलंच नव्हतं.

दुपारी जेवायची वेळ झाली तरी खरकटी ताटं तिथंच, वर माश्या. कुणाचीच साधना पुढं येईना. शेवटी पाळकसाहेबांनी बाह्या वर केल्या आणि घासायला बसले. आवाज लय झाला. हळू घासा म्हणून कुणी बोललं नाही.

मंडळी मी सोडलेली नाही. मी सोडावी असं पुष्कळांना वाटतं, वाटू दे. देव कुणाच्या घराण्याची जहागीर नाही. घरीसुद्धा आता पहाटेचा एक तास माझा आहे. त्या वेळी चहा नवरा करतो, आधी कुरकुरायचा, आता करतो.

शिबिराला दर वर्षी जाते. चिठ्ठी उघडली की उभी राहून मोठ्यानं वाचते, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग मूठ मिटते. सेवा निघाली तर घासीन, मॅडमचंही ताट घासीन. पण माझी बोटं आता कुणी उघडून दाखवावीत.