मिठाच्या पाण्याची सुई

चूक माझी होती, हे आधीच सांगतो.

सत्तरच्या दशकात परतूरच्या मोंढ्यामागे, धान्यबाजाराच्या पाठीमागे, माझा दवाखाना नवा होता. बाजारात कापूस पिंजणारे पिंजारीचाचा आत आले की स्टुलावर बसायच्या आधीच बाही वर करत.

"डॉक्टरसाब, गोळ्या नको. गोळी म्हंजी पोस्टकार्ड, पोचलं तवा पोचलं. सुई म्हंजी तार!"

दिवसभर कापूस पिंजून त्यांचा खांदा भरून येई. गोळ्या दिल्या तर खिशातून तशाच परत येत. शेवटी एकदा मी सिरिंजमध्ये नुसतं मिठाचं पाणी भरलं. "ताकदीची सुई आहे, चाचा." टोचताना ते सुईकडे पाहत नसत; माझ्या तोंडाकडे पाहून हसत.

दुसऱ्या दिवशी त्यांची कापूस पिंजायची धनुकली जोरात वाजत होती. "खांदा बिलकुल बराबर!" असं त्यांनी साऱ्या बाजाराला सांगितलं. डॉक्टरला मोठं करणारा असा पेशंट तुम्हीही पाहिला असेल. मला त्यांनी मोठं केलं, आणि मी होऊ दिलं.

मग त्यांना खोकला लागला. कापसाची धूळ असेल, मी म्हणालो. त्यांनी बाही वर केली, मी तेच पाणी दिलं. "आराम हाय," ते म्हणाले. मी छातीला नळी न लावताच पुन्हा दिलं.

एके दिवशी रुमालावर रक्त दिसलं. जालन्याला छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. आता रोज औषधाची सुई मीच द्यायची होती.

पहिली दिली, तेव्हा कळवळले. दुसऱ्या दिवशी बाही वर न करताच बसले.

"ही लई दुखती, साब. तुमची जुनीच द्या."

"चाचा, जुन्या सुईत औषध नव्हतं. पाणी होतं."

ते हसले. मी हसलो नाही.

"पर माझा खांदा तर बरा झाल्ता!"

"झाला. म्हणूनच मला तेच द्यायची सवय लागली."

त्यांनी ट्रेमधल्या सिरिंजकडे बोट दाखवलं. "मंग ही खरी हाय, हे मी कसं वळखू?"

ते उठून गेले असते, तर वाचले नसते. मी औषधाची बाटली त्यांच्या हातात ठेवली.

"मी खोटं बोललो, चाचा. त्या खोट्यापायी तुमचा आजार वाढला. मला माफ करा."

त्यांनी हळूच बाही वर केली. सुई आत जाईपर्यंत ते तिच्याकडेच पाहत होते.

चाचा बरे झाले. पुढे कितीतरी हिवाळे त्यांची धनुकली मोंढ्यात वाजत राहिली. आता चाचा नाहीत, ती वाजत नाही. पण त्या दिवसानंतर टोचताना माझ्या तोंडाकडे पाहून ते पुन्हा कधी हसले नाहीत.