सिमिलीसरांची निवृत्ती

शाळेत त्यांना सगळे सिमिलीसर म्हणत. समोर नव्हे, पण त्यांना ठाऊक होतं. ते इंग्रजी शिकवत. वाक्यात ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली, ते न लावता एका गोष्टीला सरळ दुसरीच म्हटलं की मेटाफर, आणि तोंडाला येईल तेवढं वाढवून सांगितलं की हायपरबोली. हे त्यांनी दोन पिढ्यांच्या डोक्यात घट्ट बसवलं होतं. हायपरबोली खरी मानायची नसते, असंही ते बजावत; मानणाऱ्या मुलांचा अर्धा गुण जाई.

निरोप समारंभाला मोठ्या बाई इंग्रजीतून बोलल्या. सर म्हणजे दीपस्तंभ, म्हणाल्या. मेटाफर, सरांनी मनात खूण केली. सरांशिवाय शाळा अनाथ मुलासारखी होईल. सिमिली, थोडी वापरून गुळगुळीत झालेली. मग बाई म्हणाल्या, या शाळेची दारं तुमच्यासाठी सदैव उघडी राहतील. सरांनी वाक्य उलटसुलट करून पाहिलं. ‘दारं’ कर्ता, क्रियापद भविष्यकाळी, ‘सदैव’ क्रियाविशेषण. अलंकार काही सापडेना. म्हणजे साधं विधान.

सोमवारी त्यांनी बायकोकडे डबा मागितला. ती पुढच्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, उठली आणि डबा भरून दिला.

फाटकावरच्या वॉचमनने सवयीने सलाम ठोकला. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांच्या खुर्चीवर नवीन मॅडम बसल्या होत्या. त्या उठायला लागल्या, तेव्हा सरांनी हातानेच ‘बसा बसा’ केलं आणि बेसिनजवळच्या स्टुलावर टेकले. हात धुवायला येणारा प्रत्येकजण त्यांच्यावर चार थेंब शिंपडून जाई. मंगळवारी ते व्हरांड्यात उभे राहून नवीन मॅडमचा तास ऐकत होते. मॅडमनी मेटाफरचं उदाहरण म्हणून, आमचा वर्ग म्हणजे प्राणिसंग्रहालय, असं सांगितलं. मुलं खिदळली. सरांनी खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, “यात ‘लाइक’ कुठे दिसतंय का रे कुणाला?” मुलं एका सुरात नाही म्हणाली. सर समाधानाने पुढे गेले. मॅडम तास अर्धा टाकून सरळ मोठ्या बाईंकडे.

बाईंनी सरांना बोलावून चहा मागवला. तब्येतीची चौकशी केली, आता जरा फिरा, आराम करा, म्हणाल्या. सर चहा संपेपर्यंत ऐकत राहिले.

“पण दारं सदैव उघडी राहतील म्हणालात तुम्ही.”

“अहो सर, ती बोलायची पद्धत असते.”

“मग त्यात अलंकार कुठला होता?” सरांनी अगदी मनापासून विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाईंनी कप बशीत नीट ठेवला. “निरोप समारंभ होता तो, सर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सर भरला डबा घेऊन घरी आले. बायको काजं करत होती.

“तुला माहीत होतं?”

“होतं की.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही डबा मागितलात,” ती म्हणाली. “विचारलं कुठे काही?”

त्या दुपारी दोघांनी डबा वाटून खाल्ला. पुढचे काही दिवस सर घरात या खोलीतून त्या खोलीत जात राहिले आणि दर वेळी तिच्या कापडावर पाय देत राहिले. शेवटी तिने त्यांच्या हातात सुई दिली आणि बटणं लावायला बसवलं. पहिल्या शर्टाचं बटण त्यांनी बाहीसकट शिवून टाकलं. तिने ते उसवलं, पण हसली नाही. हसू दाबायला तिला तोंडातल्या टाचण्यांची मदत झाली असावी. हळूहळू हात बसला.

गिऱ्हाइकांना ती कौतुकाने सांगू लागली, “यांनी लावलंय, शर्ट फाटेल पण बटण हलायचं नाही.” सर मान खाली घालून दोरा ओवत. ही उघडउघड हायपरबोली होती, पण कानाला बरी वाटत होती.

आठवडाभरात एक आई शर्ट घेऊन आली. बटण तुटून कुठेतरी पडलं होतं. “शर्ट फाटेल पण बटण हलणार नाही, असं म्हणाल्या होतात ना?” तिने रागावून विचारलं.

बायकोने सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा पुसला, बटणांच्या डब्यातून तसंच बटण शोधलं आणि त्या आईला बसायला खुर्ची दिली. “आमची चूक झाली,” ते म्हणाले, आणि या वेळी दोरा दुहेरी घेतला.